काच पुसण्याला गाडी धुण्याची जोड : आपली मजुरी धरून हिशेब



कोल्हापूर शहराला लागून असलेल्या गावांत काही जणी दोघी-तिघी मिळून काचा पुसायची कामं घेतात. कुणी राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या, कुणी ताराबाई पार्कातल्या बंगल्यांच्या, तर कुणी हायवेवरच्या शोरूमच्या. या कामात ग्राहक हमखास एक प्रश्न विचारतो : "ताई, काचा झाल्या, आता गाडी पण धुऊन द्याल काय?" मग बैठकीत चर्चा होते. एक म्हणते, "धुतो की, त्यात काय शिकायचंय?" दुसरी म्हणते, "दीडशे रुपये म्हणजे वरकमाई नव्हं का?" तिसरीच्या घरचे म्हणतात, गाडी धुणं हे काय बायकांचं काम आहे का?

या अंकातला पाठ याच प्रश्नावर आहे. काम कसं करायचं ते पाहूच. पण त्याआधी आणि त्याहून महत्त्वाचं एक सांगायचं आहे. जोडधंद्यात सगळ्यात सहज विसरली जाणारी रक्कम म्हणजे बाईची स्वतःची मजुरी. ती धरली तर गाडी धुणं हा चांगला जोडधंदा आहे. ती धरली नाही तर ते दुसऱ्याची गाडी चमकवायचं फुकटचं काम आहे.

जोडधंदा म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे

आपल्या जिल्ह्यात हे नव्यानं शिकवायची गरज नाही. ऊस आणि म्हैस ही जोडी घराघरांत आहे. उसाचं वाडं म्हशीला जातं, म्हशीचं शेण रानात जातं. उसाचं बिल यायला वर्ष लागतं, दुधाचं बिल दर दहा दिवसांनी हातात पडतं. गोकुळ दूध संघ १९६३ साली स्थापन झाला. तेव्हापासून याच दहा दिवसांच्या पैशावर कितीतरी घरांचा किराणा आणि पोरांची फी भागत आली.

या जोडीत तीन गोष्टी जमल्या आहेत. एक, पहिल्या धंद्यातलं काहीतरी दुसऱ्याला उपयोगी पडतं. दोन, दोन्हींचा पैसा वेगवेगळ्या वेळी येतो. तीन, दोन्ही कामं त्याच घरात, त्याच माणसांना जमतात.

पण याच धंद्यात एक खोटही आहे. दुधाचा हिशेब करताना आपण पेंड धरतो, डॉक्टर धरतो. पहाटे पाचला उठून शेण काढणाऱ्या, वैरण आणणाऱ्या, धार काढणाऱ्या बाईचे तास कोण धरतं? कुणीच नाही. म्हणून कागदावर म्हैस नेहमी फायद्यात दिसते. गाडी धुण्याच्या कामात हे पहिल्या दिवसापासून टाळायचं आहे.

दुसरं उदाहरण लिज्जत पापडचं. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पुढे संस्थेनं पिठाची गिरणी, छपाई, पॅकिंगच्या पिशव्या असे विभाग काढले. हे सगळं पापडाला लागणारंच होतं. आगपेटी, अगरबत्ती, चामड्याच्या वस्तू असेही उद्योग त्यांनी करून पाहिले, ते मात्र चालले नाहीत. एवढ्या मोठ्या संस्थेचीही प्रत्येक जोड जमत नाही. म्हणून आपण आधी तपासायचं आणि मगच पैसा घालायचा.

काच आणि गाडी : काय जुळतं, काय जुळत नाही

जुळतं ते असं. ग्राहक तोच असतो, म्हणजे ओळख आणि विश्वास आधीच आहे. जायचा-यायचा खर्च काचेच्या कामात निघालेला असतो. आणि काच पुसायचं कसब तुमच्या हातात आहे. गाडीला सहा-सात काचा असतात, आणि त्या नीट पुसणं बऱ्याच जणांना जमत नाही. पुढच्या काचेला आतून एक धुरकट थर बसतो. रात्री समोरून दिवे आले की त्या थरामुळे काच पांढरी दिसते आणि ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. ही काच आतून स्वच्छ करून द्या, ग्राहकाला त्याच रात्री फरक कळतो. तुमची खरी ओळख इथे होणार आहे.

रोज सकाळी गाड्यांवर ओलं फडकं मारणारी माणसं शहरात बहुतेक सोसायट्यांत असतात. त्यांच्याशी स्पर्धा करू नका. त्यांचंही पोट त्यावर आहे, आणि त्या दरात तुमची मजुरी निघणार नाही. तुमचं काम वेगळं ठेवा : महिन्यातून एक-दोनदा गाडी आतून-बाहेरून पूर्ण स्वच्छ करणं.

आता जुळत नाही ते. घराची काच सपाट आणि कडक असते. गाडीचा रंग नाजूक असतो, त्यावर बारीक ओरखडाही उन्हात दिसतो. म्हणून :

घराच्या काचेचा रबरी वायपर गाडीच्या रंगावर कधीही फिरवायचा नाही. रबराखाली एक खडा अडकला तरी लांब चर पडते.

वाळलेला रंगाचा डाग खरवडायचं पातं गाडीच्या पिशवीत ठेवायचंच नाही.

कपडे धुण्याची पावडर, भांड्यांचा साबण, फरशीचं ॲसिड आणि व्हिनेगर गाडीच्या रंगाला नको. गाडीचा शाम्पू वेगळा मिळतो, तोच वापरा.

काच पुसायच्या काही द्रवांत अमोनिया असतो. गाडीच्या काचेवर फिल्म असेल किंवा आत स्क्रीन असेल तर त्यावर तो चालत नाही. बाटलीवरचं वाचा, किंवा दुकानदाराला विचारून अमोनिया नसलेला घ्या. आणि कुठलीही दोन रसायनं एकत्र करू नका. ब्लीच आणि अमोनिया मिसळले तर विषारी वायू तयार होतो.

काचेची फडकी वेगळी, गाडीच्या पत्र्याची वेगळी, चाकांची वेगळी. तीन रंगांची मायक्रोफायबर कापडं घ्या, म्हणजे गडबडीतही चूक होत नाही. जमिनीवर पडलेलं कापड धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही.

काम करायची पद्धत

गाडी सावलीत लावायला सांगा. तापलेल्या पत्र्यावर शाम्पू वाळतो आणि डाग धरतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतो. ते पाणी काचेवर किंवा रंगावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. म्हणून एक भाग धुतला की लगेच कोरडा करायचा, मग पुढचा.

आधी आतलं काम करा, मग बाहेरचं. आतली धूळ बाहेर उडते, म्हणून हा क्रम.

आतून : मॅट बाहेर काढा, झटका. व्हॅक्यूम मशीन वरून खाली चालवा : आधी डॅशबोर्ड, मग सीट, सीटच्या फटी, शेवटी तळ आणि डिकी. डॅशबोर्ड आणि दारं किंचित ओलसर कापडानं पुसा. बटणं, स्पीकर, चार्जिंगची जागा इथे पाण्याचा फवारा थेट मारायचा नाही. आधी कापडावर फवारा, मग कापड बटणावर. आतल्या काचा सगळ्यात शेवटी : एका कापडानं पुसायच्या, दुसऱ्या कोरड्या कापडानं सुकवायच्या.

बाहेरून : दोन बादल्या ठेवा, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. आधी साध्या पाण्यानं चिखल आणि धूळ भिजवून खाली सोडा. कोरडी धूळ चोळली तर ती सॅंडपेपरसारखी घासते. मग शाम्पूचं कापड वरून खाली : टप, काचा, बोनेट, दारं. प्रत्येक वेळी कापड आधी साध्या पाण्यात पिळा, मगच शाम्पूत बुडवा. चाकं शेवटी, वेगळ्या कापडानं. बोनेट उघडून इंजिनवर पाणी मारायचं नाही, ते गॅरेजचं काम आहे.

एक खास आपल्याकडची गोष्ट. चैत्रात जोतिबाची यात्रा झाली की गाड्या गुलालानं भरून येतात. गणपती विसर्जनानंतरही तेच. गुलालावर ओलं फडकं मारलं तर सीट कायमची गुलाबी होते. आधी मऊ ब्रशनं आणि मशीननं कोरडाच ओढून काढा. सगळा निघाल्यावरच ओलसर कापड लावा.

आता हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावचे, तुमच्या दुकानातले आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करा.

समजा दोघी मिळून एक गाडी आतून-बाहेरून सव्वा तासात करतात. म्हणजे दोघींचे मिळून अडीच तास. मजुरी तासाला ६० रुपये धरू, आठ तासांचे ४८० होतात. तुमच्या गावात खुरपणीला जी मजुरी मिळते, तिच्यापेक्षा कमी धरू नका.

दोघींची मजुरी : अडीच तास × ६० = १५० रुपये
शाम्पू, द्रव, कापडांची झीज : २० रुपये
मशीनची झीज : २० रुपये (मशीन ६,००० रुपयांचं आणि ते ३०० गाड्या चालेल असं धरून)
एका गाडीचा खरा खर्च : १९० रुपये

आता ग्राहक म्हणाला, "दीडशे देतो." आपण मनात काय हिशेब करतो? शाम्पूचे वीस गेले, १३० सुटले, दोघींना ६५-६५. बरं वाटतं. पण मशीनचे वीस कुणी धरले नाहीत. ते धरले तर उरतात ११०, म्हणजे प्रत्येकीला ५५. सव्वा तासाला ५५ म्हणजे तासाला ४४ रुपये. खुरपणीपेक्षा कमी.

हीच गाडी धुवायला दोघी मुद्दाम गावाहून आल्या तर? जायला-यायला प्रत्येकीचे २० रुपये, आणि वाटेत एक-एक तास. ११० मधून भाडं ४० गेलं, उरले ७०. प्रत्येकीला ३५ रुपये, सव्वादोन तासांचे. तासाला साधारण साडेपंधरा रुपये! पैसे हातात आले म्हणून कमाई झाली असं वाटतं, पण दिवस कुठे गेला ते दिसत नाही. ही तीच दुधातली खोट आहे.

म्हणून दर असा काढायचा. खर्च १९०, त्यावर धंद्यासाठी आणि अडचणीसाठी थोडी शिल्लक. समजा दर २५० ठरवला. काचेच्या कामाला गेलेल्या ठिकाणीच गाडी केली तर मजुरी वसूल होऊन ६० रुपये गटाच्या धंद्याच्या खात्यात जातात.

मुद्दाम गाडीसाठीच जायचं असेल तर प्रवासाचा खर्च वेगळा : भाडं ४० आणि दोघींचा एक-एक तास १२०, मिळून १६०. एकच गाडी केली तर खर्च ३५० होतो, २५० मध्ये १०० रुपये तोटा. एकाच ठिकाणी तीन गाड्या मिळाल्या तर खर्च ७३० आणि जमा ७५०, जेमतेम. चार मिळाल्या तर खर्च ९२०, जमा १,०००, हातात ८०. यातून एक नियम निघतो : काचेचं काम नसलेल्या ठिकाणी तीनपेक्षा कमी गाड्यांसाठी जायचं नाही. सोसायटीत एकीनं बोलावलं तर तिलाच सांगा, "शेजारच्या दोन-तीन गाड्या बघा, एकाच दिवशी करून देतो."

आणि ग्राहक म्हणाला, "ताई, काचांसोबत गाडी तशीच करून द्या," तर? हसून सांगायचं, "काचेच्या दरात काचा, गाडीचा दर वेगळा." फुकट एकदा केलं की तो नियम होतो. सवलत द्यायचीच असेल तर बिलावर लिहून द्या : गाडी २५०, सवलत ३०, एकूण २२०. म्हणजे पुढच्या वेळी २५० सांगायला तोंड मोकळं राहतं. फक्त २२० च्या खाली उतरायच्या आधी १९० चा आकडा आठवा.

दोन वह्या, एक धंदा

गाडीचा हिशेब काचेच्या वहीत लिहू नका. वेगळी वही घाला, किंवा निदान वेगळी पानं. रोज पाच रकाने पुरेत : तारीख, ठिकाण, किती गाड्या, दोघींचे मिळून किती तास, किती पैसे आले. महिन्याच्या शेवटी खर्च वजा करा आणि उरलेल्याला तासांनी भागा. तो आकडा काचेच्या तासाच्या कमाईशेजारी लिहा.

असं का? दोन्ही एकत्र असले की चांगला धंदा वाईट धंद्याला पोसत राहतो आणि आपल्याला कळतच नाही. कधी उलटंही निघेल. गाडीचं काम तासाला जास्त देतंय असं दिसलं तर ते वाढवायला धीर येतो.

वर्षाचं गणित

जून ते सप्टेंबर : बाहेरच्या काचांचं काम मंदावतं, पाऊस कधी थांबेल सांगता येत नाही. गाड्यांत मात्र चिखल, ओल्या मॅट आणि कुबट वास. हे आतल्या सफाईचे दिवस. छपराखालचं पार्किंग असलेले ग्राहक आधी गाठा.

नवरात्र : खंडेनवमीला आणि दसऱ्याला घरोघरी गाडीची पूजा असते. त्याआधीचे चार-पाच दिवस गाड्यांसाठी मोकळे ठेवा, आठवडाभर आधी नावं लिहून घ्या.

दिवाळीपूर्वी : काचांचा हंगाम. या दिवसांत काचेच्या कामात तासाला जास्त सुटत असेल तर गाड्या फक्त जुन्या ग्राहकांच्या घ्या. जोडधंद्यासाठी मुख्य धंदा सोडायचा नसतो.

उन्हाळा : धूळ भरपूर, पाणी कमी. जोतिबाची यात्रा आणि लग्नसराई याच सुमारास.

महापूर आला तर वेगळं धोरण. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काय झालं ते आपण पाहिलंय. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी वस्तीत शिरलं, दोन्ही वेळा शिरोलीजवळ हायवे बंद पडला. पाण्यात बुडालेली गाडी आपण आधी हातात घ्यायची नाही. तिची वायरिंग आणि इंजिन गॅरेजवाल्यानं तपासल्यावरच आतली सफाई. पुराच्या गाळात काम करताना रबरी हातमोजे आणि गमबूट घाला, हातापायावर जखम असेल तर त्या दिवशी काम नको. या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप आला तर डॉक्टरांना पुराच्या गाळात काम केल्याचं आवर्जून सांगा.

पाणी कुठून येतं, कुठे जातं

घरी नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ बघा. ती दीड मिनिटात भरली तर नळ मिनिटाला १० लिटर देतो. तोच पाईप गाडीवर २० मिनिटं सुरू राहिला तर २०० लिटर पाणी गेलं. बादलीनं काम केलं तर तीन बादल्यांत, म्हणजे ४५ लिटरमध्ये गाडी होते. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईला यावर जास्त सांगायला नको. ग्राहकालाही हे सांगा, "आम्ही तीन बादल्यांत गाडी करतो." सोसायटीवाले याच कारणानं तुम्हाला परवानगी देतील.

गेलेलं पाणीही बघा. गाडीवरून उतरलेल्या पाण्यात तेल, माती आणि साबण असतो. शहरातलं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळतं, आणि पंचगंगा पुढे इचलकरंजी, शिरोळकडे जाऊन नरसोबावाडीला कृष्णेत मिसळते. खालच्या गावांतल्या गटांत आपल्याच बहिणी आहेत, त्यांच्या दारातून हेच पाणी जातं. म्हणून गाडी नदीवर, तळ्यावर, विहिरीजवळ धुवायची नाही. शाम्पू मोजूनच घ्यायचा. चाकांना तेलाचा चिकटा असेल तर आधी जुन्या कापडानं पुसून घ्यायचा, म्हणजे तो पाण्यात जात नाही.

विश्वासाचे आणि सुरक्षेचे नियम

हे नियम गटाच्या ठरावात लिहून ठेवा.

१. कामाला नेहमी दोघी, दिवसाउजेडी. कुठे जातोय ते तिसरीला फोनवर कळवायचं.

२. सुरू करायच्या आधी मालकासमोर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढायचे. जुना ओरखडा असेल तर तो दाखवायचा. नंतर वाद होत नाही.

३. गाडी चालू करायची नाही, हलवायची नाही. लावायचं काम मालकाचं.

४. गाडीत सापडलेली वस्तू, मग ती दहाची नोट असो की कानातलं, एका पिशवीत घालून मालकाच्या हातात द्यायची.

५. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, पदराच्या पिना काढून किंवा झाकून काम करायचं. त्यांचाही ओरखडा पडतो. पदर, ओढणी खोचून घ्यायची.

६. मशीनची वायर ओल्या जमिनीवरून न्यायची नाही, ओल्या हातानं प्लग काढायचा नाही.

७. काम झालं की मालकाला गाडी दाखवायची, मगच पैसे घ्यायचे. पैसे रोख असोत की फोनवर, पावती द्यायची.

"हे बायकांचं काम आहे का" या प्रश्नाचं उत्तर भांडणानं देऊ नका, वहीनं द्या. तीन महिन्यांची वही घरात वाचून दाखवा : इतके तास, इतके पैसे. आणि तुम्ही बाहेर गेलात त्या तासांत घरचं काम कुणी केलं, हेही त्याच वेळी बोलून घ्या. ते काम तुमच्याच रात्रीत ढकललं जात असेल तर तोही खर्चच आहे, वहीत नसला तरी.

पैसा किती घालायचा

पाण्याच्या दाबाचं मोठं मशीन सुरुवातीला घेऊ नका. त्याला जास्त पाणी, वीज आणि जागा लागते, आणि चुकीच्या हातात ते रंगही उडवतं. पहिल्या दहा गाड्यांना दोन बादल्या, कापडं, ब्रश, शाम्पू आणि कुणाकडून तरी भाड्यानं आणलेलं व्हॅक्यूम मशीन पुरेसं आहे. पहिली गाडी घरच्या किंवा नात्यातल्या माणसाची घ्या आणि घड्याळ लावून करा. मगच दर ठरवा.

दहा गाड्यांनंतर हिशेब जमला तर मशीन घ्या. त्यासाठी गटाचं अंतर्गत कर्ज पुरतं, आणि व्याजही आपल्याच गटात राहतं. पुढे मोठं काम मिळालं तर बँकेचं मुद्रा कर्ज आहे. त्यातल्या शिशु प्रकारात ५०,००० रुपयांपर्यंत तारण न ठेवता कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका, आधी आपल्या सीआरपी ताईंना विचारा.

थांबायचं कधी

तीन महिन्यांनी तीन प्रश्न विचारा. गाडीच्या कामात तासाला आपण ठरवलेली मजुरी निघाली का? त्यामुळे काचेचं एखादं काम हातचं गेलं का? आणि दोघींपैकी कुणाची पाठ, गुडघे, हात दुखायला लागले का? पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर दर वाढवा किंवा एका ठिकाणी जास्त गाड्या मिळवा. आणखी दोन महिन्यांत फरक पडला नाही तर बंद करा. बंद केलेला जोडधंदा म्हणजे हार नाही. लिज्जतनंही काही बंद केलेच की.

बैठकीसाठी अभ्यास

पुढच्या साप्ताहिक बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवा. काचेचं काम करणाऱ्या नसाल तर तुमचा जो धंदा असेल तो घ्या : शिलाई, चटणी-मसाला, शेळी, म्हैस.

१. मुख्य धंदा आणि जोडधंदा यांची नावं फळ्यावर लिहा. ग्राहक तोच आहे का? फेरी तीच आहे का? पैसा वेगळ्या वेळी येतो का? तीनपैकी दोन "हो" असतील तर पुढे जा.

२. जोडधंद्याचं एक काम घ्या आणि त्याला लागणारे सगळ्यांचे तास मोजा, सासूबाईंचे आणि मुलीचेही.

३. तुमच्या गावची मजुरी लावून खरा खर्च काढा. आज जो दर घेता तो त्याशेजारी लिहा.

४. दर कमी निघाला तर काय बदलता येईल, यावर प्रत्येकीनं एक सूचना सांगायची. सचिव ताईंनी ती इतिवृत्तात लिहायची.

ज्या गटांना गाडीचं काम सुरू करायचं आहे, त्यांनी पहिल्या दहा गाड्यांची वही घेऊन प्रभागसंघाच्या मासिक बैठकीला या. आपण सगळ्यांसमोर ती बेरीज-वजाबाकी करू. त्या वहीत तासांचा रकाना मात्र भरलेला पाहिजे.